एकविसावं पान

४ नोव्हेंबर

धाकटे,

शेवटची पानं नसलेली कादंबरी पाठवली म्हणून एवढं रागवायचं कारण नाही. नायिका शेवटी कुणाबरोबर गेली ते मला माहीत आहे, आणि तू अशीच उद्धटासारखी लिहीत राहिलीस तर मी सांगणार नाही. चांगली प्रत बांधणीला गेली आहे. बाइंडर म्हणतो आठवडाभरात देतो, म्हणजे तू महिना धर.

वाचनालयाची पुस्तकांची पेटी उघडते त्या दिवशी टेलरबाईंच्या दुकानात बायका जमतात आणि तुझ्याकडून वाचून घेतात, हे वाचून मला काय वाटलं ते सांगत नाही, नाहीतर तू हरभऱ्याच्या झाडावर चढशील. फिरती पेटी सुरू करायची म्हणून मी कमिटीपुढे घसा कोरडा केला होता, तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, "बाई, लोक पुस्तकं काढून ठेवतील आणि पेटीत धान्य भरतील." आता त्यांना बोलावून तुमचा तो घोळका दाखवावासा वाटतो. पण कुणाला काही दाखवायची सोय नाही, ही आपली पंचाईत.

म्हणून नियम पुन्हा एकदा. चिठ्ठी फक्त मधमाश्यापालनाच्या पुस्तकात, मागच्या कव्हरच्या आत. कुठल्याशा योजनेत त्याच्या दोन प्रती गळ्यात पडल्या, आणि ते पुस्तक आजवर एकाही वाचकाने उघडलेलं नाही. एक प्रत तुमच्या पेटीतून येते तेव्हा दुसरी जाते. टेलरबाई सोडून कुणाला आपलं नातं माहीत नसावं. पेटी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरपुढे तू यायचं नाहीस.

आणि तो तुझा चंद्र! किती वेळा सांगितलं? एकविसाव्या पानावर, आकड्याखाली, चंद्राची कोर. शाळेत होतीस तेव्हापासूनची सवय आहे, मान्य. इथले सगळेच म्हातारे खुणा करतात. कुणी सातव्या पानावर फुली, कुणी शेवटच्या पानावर टिंब, म्हणजे वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी नेलं जात नाही. मी त्यांना कधी बोलत नाही, ती त्यांची आठवण आहे. पण तू तिथे नाहीस, तू कुठेच नाहीस, हे तुझ्या पेन्सिलीला कोण सांगणार? मागच्या पेटीतल्या साऱ्या कोरी मी रबराने पुसल्या. हात दुखला.

त्याच्याबद्दल विचारलंस. काही नाही. इकडे फिरकलेला नाही. वाचनालय जसंच्या तसं आहे, फक्त वर्तमानपत्रांच्या टेबलावरचा तो खडखडणारा पंखा एका भल्या वाचकाने दुरुस्त करून दिला. आता तिथे इतकी शांतता आहे की म्हातारे पेंगतात.

ताई

१८ नोव्हेंबर

धाकटे,

खाली बस आणि मग वाच.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पंखा त्यानेच दुरुस्त केला. दिवाळीअंकांचं कपाट लावायला घेतलं होतं त्या दिवशी तो पहिल्यांदा आला, रीतसर सभासद झाला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "ताई, तिचं काही विचारायला नाही आलो. घर खायला उठतं, म्हणून दोन घटका वाचत बसेन म्हणतो." तेव्हापासून रोज येतो. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून लिहिलं नाही. माझ्या जिवाला होता तेवढा पुरे, असं वाटलं होतं.

तू म्हणशील, हाकलून का दिलं नाहीस. सार्वजनिक वाचनालय आहे, बाई. दार सगळ्यांना उघडं असतं, हे मीच भिंतीवर लिहून लावलंय. आणि काय सांगून हाकलू? तो कुणाशी वर आवाज करून बोलत नाही. म्हाताऱ्यांना चष्म्याच्या काड्या बसवून देतो. शिपायाच्या मुलीच्या परीक्षेचा अर्ज त्याने भरून दिला. हेडबाई तर त्याच्यावर खूश आहेत. आठवतात ना हेडबाई? मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी येऊन आपली कपाटं लावून देतात, त्या. त्या परवा मला म्हणाल्या, "असा जावई मिळायला नशीब लागतं हो. तुझ्या बहिणीने काय पाहिलं आणि गेली?" मी म्हटलं, बाई, ती आत राहात होती, तुम्ही बाहेरून बघताय. त्यावर त्या हसल्या. सगळं कळतं असं हसल्या.

चौकीचं नाव काढू नकोस. मागच्या वेळी आपण गेलो होतो तेव्हा खुर्ची आणि चहा कुणाला मिळाला होता ते तू विसरली असशील, मी नाही.

आता जे मला झोपू देत नाही ते लिहिते. तो वाचत नाही. परत आलेल्या पुस्तकांच्या रॅकजवळ खुर्ची ओढून बसतो, एक पुस्तक उचलतो, एकच पान उघडतो, बघतो, मिटतो आणि दुसरं उचलतो. मला वाटलं होतं चित्रं बघतो. काल मी शेजारून गेले तेव्हा पानाचा आकडा दिसला.

तू सांगितलं होतंस की एकदा भांडण न करता, काही न बोलता, त्याने तुझ्या पुस्तकाचं एकविसावं पान फाडून तुझ्या ताटाखाली ठेवलं होतं. तू जेवून ताट उचललंस तेव्हा ते दिसलं. तेव्हा मला ते नीटसं समजलं नव्हतं. म्हटलं, एक पान फाडलं तर एवढं काय. आता समजलं.

पण घाबरू नकोस. कोरी सगळ्या पुसल्या आहेत. त्याला शोधू दे काय शोधायचं ते. कोऱ्या पानावर काय सापडणार त्याला?

ताई

२ डिसेंबर

धाकटे,

माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

मंगळवारी तो दोन पुस्तकं घेऊन माझ्या टेबलाशी आला. नेहमीसारखं हसून म्हणाला, "ताई, तुम्ही पुस्तकं फार स्वच्छ ठेवता."

मी म्हटलं, "काम आहे ते."

"पण एकविसावं पान जरा जास्तच स्वच्छ ठेवता," तो म्हणाला. पुस्तक उघडून त्याने माझं बोट धरलं, खरंच धरलं, आणि आकड्याखालून फिरवलं. कागद तिथे खरबरीत झाला होता. रबराने कागदाची साय निघते, हे मी किती वाचकांना ओरडून सांगितलं असेल! "बाकीच्यांच्या फुल्या, टिंबं तशीच आहेत," तो म्हणाला. "एकच खूण तेवढी कुणाला तरी नकोशी झालेली दिसते."

पुस्तकं टेबलावर व्यवस्थित एकावर एक ठेवून तो गेला. दोन्हींच्या पाठीवर हिरवी पट्टी होती.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. प्रत्येक केंद्राच्या पेटीला रंग आहे आणि पुस्तक ज्या पेटीतून जाऊन आलं त्या रंगाची पट्टी आम्ही पाठीवर चिकटवतो. ही माझीच अक्कल. तुमची पेटी हिरवी. मी कोरी पुसत बसले, पट्ट्या डोक्यातच आल्या नाहीत. तू नुसते चंद्र काढत राहिली असतीस तरी ती कुणा जुन्या वाचकाची खूण म्हणून खपली असती. मी पुसून त्याच्या हातात नकाशा दिला.

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि शिपायाला घेऊन पट्ट्या बदलायला बसले. हिरव्या काढून लाल, पिवळ्या, निळ्या. दुसऱ्यांच्या काढून हिरव्या. शिपाई म्हणाला, "बाई, पुढल्या मोजणीला आपली वाट लागेल." मी म्हटलं, लागू दे. का, ते त्याने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

आता कुठलं पुस्तक कुठून आलं ते देवालाही सांगता येणार नाही. जरा श्वास घेता येतोय. तू मात्र सामान थोडं आवरून ठेव, उगीच आपलं.

कादंबरी बांधून आली, पाठवते आहे. शेवट वाचून मला शिव्या दे.

ताई

१६ डिसेंबर

धाकटे,

हे पत्र मधमाश्यांमध्ये नाही ते तुला दिसलंच असेल. वाचनकक्षाचा पडदा उसवला म्हणून टेलरबाईंकडे पाठवला आहे, आणि ड्रायव्हरला सांगितलंय की दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. टेलरबाई घडी उलगडण्याइतक्या हुशार आहेत.

आधी सांग, मागच्या चिठ्ठीत तू काय लिहिलं होतंस? मला ती मिळाली नाही. मागच्या पेटीच्या दिवशी, गाडी परत आली तेव्हा तो पेट्या उतरवून घ्यायला उभा होता. शिपायाची पाठ धरली होती, त्यामुळे शिपायाने त्याला दुवाच दिला. मी आतून येईपर्यंत हिरवी पेटी उघडलेली होती आणि त्याच्या काखेत मधमाश्यांचं पुस्तक होतं. "घरी मधमाश्या पाळाव्यात म्हणतो," तो म्हणाला. सगळे हसले. मी पण हसले, काय करू? दुसऱ्या दिवशी त्याने पुस्तक आणून दिलं. मागचं कव्हर नव्याने चिकटवलं होतं, इतकं सफाईने की आमच्या बाइंडरने शिकावं. आत काही नव्हतं.

तू त्यात कुठलं नाव लिहिलंस का? टेलरबाईंचं? रस्त्याचं? आठवून बघ.

आणि त्या पट्ट्या. सोमवारी मी येते तर हेडबाई आणि तो, दोघं जमिनीवर बसून पुस्तकं रंगांप्रमाणे लावत होते. हेडबाईंच्या कपाळावर घाम, तोंडावर आनंद. "अगं, कुणीतरी केवढा घोळ घालून ठेवला होता! बरं झालं केंद्रांच्या पावत्या होत्या. यांनी वाचून दाखवल्या, मी पट्ट्या लावल्या. एकूण एक जागच्या जागी." आणि माझी पाठ थोपटली. मी चार कपाटं उलटीपालटी करून तुला लपवलं होतं, त्या बाईने एका सकाळीत झाडून काढलं, आणि वर चहाची वाट बघत बसली.

मग मी तिला सगळं सांगितलं. पुस्तकांच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सांगितलं. तुझा हात कसा मोडला ते, पानाचं, गच्चीचं. सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मला वाटलं, पटलं. मग म्हणाल्या, "त्याने हे सगळं मला आधीच सांगितलंय."

"सांगितलंय?" मी विचारलं.

"माणूस माझ्यापुढे रडला गं. म्हणाला, बाई, माझ्या हातून फार चुकलं. स्वतःहून इतकं कबूल करणारा पुरुष पाहिलायस कधी? एकदा दोघांना समोरासमोर बसवू. मी असेन, अध्यक्ष असतील. चार मोठी माणसं असली की कुणी वेडंवाकडं वागत नाही."

"आणि ती माणसं उठून घरी गेल्यावर?" मी विचारलं.

"तू फार टोकाचं बोलतेस," असं म्हणून त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

धाकटे, मला आता खरी भीती वाटते आहे. त्याला नुसतं तुला शोधायचं असतं तर केव्हाच शोधलं असतं, गाडीच्या मागे मोटारसायकल घालायला किती वेळ लागतो? त्याला तसं नकोय. त्याला या सगळ्यांनी तुला हाताला धरून आणून द्यायला हवंय. म्हणजे पुन्हा कधी तू दाराबाहेर पडलीस तर यातला एकही जण तुला उभं करणार नाही.

कमिटीची बैठक शुक्रवारी आहे. मी बोलणार आहे. तू तयार राहा.

ताई

३० डिसेंबर, सकाळ

धाकटे,

बाहेर पेट्या चढवताहेत. वेळ कमी आहे आणि हे शेवटचं आहे, तेव्हा मध्ये रागवू नकोस.

ड्रायव्हरबरोबर टेलरबाईंनी तुझा निरोप पाठवला, तो मिळाला. "मी का पळू?" बरोबर विचारलंस. तिथल्या बायकांनी तुझ्यासाठी खुर्ची आणली, पोरीबाळी संध्याकाळी धडे घेऊन येतात, कुणीतरी तुला वाचणाऱ्या बाई म्हणून हाक मारतं. इतक्या वर्षांनी तू कुणाला तरी हवी आहेस, आणि मी तुला ते सोडून जा म्हणते आहे. मला त्याचा राग येतो, हेडबाईंचा येतो, सगळ्यांत जास्त माझा येतो. तरीही जा. आजच जा, हे पत्र घेऊन आलेल्या या दुसऱ्या पडद्याला टाका घालून होण्याआधी.

बैठकीत मी बोलले. अध्यक्ष म्हणाले, "घरचे प्रश्न वाचनालयात आणू नका, बाई." मी म्हटलं, त्यानेच आणलेत. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काहीतरी अभद्र बोलले. मग हेडबाईंनी ठराव मांडला. फिरत्या पेटीला हक्काचा माणूस नाही, ड्रायव्हर एकटा पडतो, तेव्हा पुढच्या फेरीपासून पेट्यांचं काम या भल्या वाचकाकडे. बिनपगारी. टाळ्या वाजल्या. पहिल्या फेरीला हेडबाई आणि अध्यक्ष हौसेने बरोबर येणार आहेत. अध्यक्षांनी जन्मात एक पेटी उचललेली नाही. ते कशासाठी येताहेत ते त्यांनी मला सांगितलंच: "हिरव्या केंद्रापासून सुरुवात करू. आनंदाची बातमी घेऊन येऊ." माझ्यावर उपकार केल्यासारखे बघत होते.

मी राजीनामा लिहिला आणि फाडला. मी गेले तर किल्ल्या त्याच्याकडे जातील. निदान मी इथे आहे तोवर तो कुठे आहे ते मला दिसतं.

आत्ताही दिसतो आहे. समोरच बसलाय, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी. मघाशी मान वर करून म्हणाला, "कुणाला लिहिताय ताई, इतकं मन लावून?" मी म्हटलं, कमिटीला, पंख्याच्या खर्चाचं. तो म्हणाला, "खर्च माझ्याकडून होता, लिहू नका." हेडबाई म्हणाल्या, किती मोठं मन. मी लिहीतच राहिले. आजकाल संध्याकाळी मला घरापर्यंत सोडायला येतो. नको म्हटलं तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने येतो. दारात पोचले की हात जोडतो.

तुला माहीत आहे, मला लिहिताना खोटं जमतं, तोंडावर जमत नाही. लहानपणी तू कपाटात लपायचीस आणि आई मला नुसतं "कुठे गेली?" विचारायची, आणि माझे डोळे कपाटाकडे जायचे. अजून तसंच आहे. गेल्या आठवड्यात तो मला बोलता बोलता हिरव्या केंद्राभोवतीच्या गावांची नावं घेत होता. सहज. एकामागून एक. आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मान खाली घातली, पण तुझं गाव आलं तेव्हा घातली की त्याच्या आधी, ते मला आठवत नाही. माझ्याकडे आहे तेवढं सगळं त्याने घेतलंय. आता माझ्याकडे काही असताच कामा नये.

म्हणून कुठे जातेस ते टेलरबाईंनाही सांगू नकोस, त्यांनाही हेच विचारतील. पडद्याच्या शेवटच्या घडीत जे बांधून दिलंय ते परत पाठवायचं नाही, आपल्या आईचं आहे ते, माझ्या एकटीचं नाही. पहिली जी गाडी मिळेल तिने नीघ. मध्ये उतरून दुसरी घे. पोचलीस की मला कळवू नकोस. बरी आहेस एवढंसुद्धा नको. मी काळजी करीन, करू दे. वर्षभराने, दोन वर्षांनी मन भरून आलं तरी नको.

ड्रायव्हर हाक मारतोय. समोर बसलेला तो उठला, पडदा गाडीत ठेवायला मदत करतो म्हणतोय. मीच नेऊन देणार आहे.

एवढं मात्र पक्कं लक्षात ठेव. पुढे कधी तुझ्या हातात माझ्या अक्षरातलं पत्र पडलं, आत माझीच भाषा असली, आपल्या दोघींनाच माहीत असलेलं काही त्यात असलं, आणि 'कुठे आहेस ते कळव' असं लिहिलेलं असलं, तर ते मीच लिहिलेलं असेल. उत्तर देऊ नकोस.

ताई